शीव आणि कोर्टाची हद्द

गावाची शीव कुठं आहे, हे महाराला विचारायचं, ही जुनी रीत. दोन गावांची हद्दीवरनं जुंपली की महार पुढं, पाटील-कुळकर्णी मागं. तो चालेल ती शीव. वतनाच्या कामातलंच हे एक काम. शीव त्याच्या तोंडपाठ, आणि घर मात्र गावाबाहेर.

पुढं इंग्रजानं शीव नकाशावर घेतली आणि कोर्टांनाही हद्दी आल्या. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १६ सांगतं की जमीन, घर, तळं असल्या स्थावराचा दावा ते ज्या कोर्टाच्या हद्दीत असेल तिथंच लावायचा. माणूस कुठं राहतो हा सवाल नाही. जमीन उठून मुंबईला जात नाही. माणसं जातात. भिवंडी तालुक्यातली आमची माणसं गिरणीत, गोदीत गेली.

माझ्या बापाला हे कलम असंच कळलं. गावच्या वतनी जमिनीतला त्याचा हिस्सा चुलत्यानं परस्पर कागद करून घेतला. बाप म्हणायचा, "तो मुंबईत, मी मुंबईत, कागद मुंबईत झाला. मग दावा भिवंडीला कशापायी?" वकिलानंही तसाच लावून दिला. दीड वर्षानं कोर्टानं दावा परत हातात दिला. आमची हद्द नाही, भिवंडीला जा. चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे घालवलेला वेळ मुदतीतून वगळतात, १९६३ च्या मुदत कायद्याचं कलम १४ तसं आहे. गिरणीत पडलेल्या खाड्यांचं कलम कुठं नाही.

हे कलम गावच्या धटिंगणांसाठीच केलंय, असं मला लई दिवस वाटायचं. मग महाडचा खटला नीट वाचला.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी घेतलं. १२ डिसेंबरला स्पृश्यांनी महाडच्या सबजज्जाच्या कोर्टात दावा ठोकला. म्हणे तळं आमच्या खाजगी मालकीचं. पाण्याचा, माणुसकीचा झगडा असा मालमत्तेचा झाला. बाबासाहेब राहायला मुंबईत, वकिली मुंबईत, पण तळं महाडात, म्हणून प्रतिवादी महाडच्या कोर्टात. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. २५ ला परिषदेला हजारो माणसं जमली, जेलात जायच्या तयारीनं. बाबासाहेबांनी त्यांना तळ्यापासून आवरलं. मनुस्मृती जाळली ती त्याच रात्री. म्हणजे वादींनी आपल्या घरच्या अंगणातलं कोर्ट गाठून तळ्याला कुलूप घातलं.

पण त्याच महाडच्या कोर्टानं ८ जून १९३१ ला दावा फेटाळला. अपील गेलं ठाण्याला. महाड कुलाबा जिल्ह्यात, पण अपील चाललं आमच्या भिवंडीच्या जिल्ह्याच्या गावी. तिथंही ३० जानेवारी १९३३ ला वादी हरले. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात ब्रूमफील्ड आणि वाडिया ह्या न्यायमूर्तींनी शेवटचा निकाल दिला: तळं नगरपालिकेचं, आणि अस्पृश्यांना मनाई करणारी अनादी वहिवाट शाबीत नाही. दावा लागल्यापासून सव्वानऊ वर्षं. तरी स्थानिक कोर्ट म्हणजे स्थानिक जातीचं कोर्ट, हे माझं गणित त्या निकालांनी चुकवलं.

वतनी जमिनीला आणखी एक शीव आहे. १९५८ च्या कायद्यानं १ ऑगस्ट १९५९ पासून कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली. जमीन सरकारजमा झाली आणि कब्जेहक्काची रक्कम भरून वतनदाराला परत मिळायची, तीही कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येऊ नये अशी. वतन आहे का, वतनदार कोण, हा वाद आधी कलेक्टरपुढं. म्हणजे तालुका बरोबर गाठला तरी दार चुकू शकतं. आमच्या बापाला कोर्टातनं प्रांताकडं आणि प्रांताकडनं कोर्टात जावं लागलं ते ह्याचमुळं.

भिवंडीला दावा पुन्हा लागला. कोर्ट कमिशनर मोजणीदाराला घेऊन शिवारात आला. शेजारच्या रानात गोदामाचा भराव पडलेला. बांधाचा दगड कुणाला सापडेना. नकाशा फिरवून फिरवून बघितला. शेवटी बापानं वहाणा काढल्या, हिस्सा कुठं सुरू होतो तिथनं चालत गेला, आणि भरावाच्या कडेला पाय आपटून म्हणाला, "हितं खणा."

दोन हातांवर दगड लागला.