शीर्षनिर्देशांकाची कुळकथा

डोक्याच्या कमाल रुंदीला कमाल लांबीने भागून येणाऱ्या संख्येस शंभराने गुणले असता जो आकडा मिळतो, त्यास शीर्षनिर्देशांक म्हणतात. तान्ह्या मुलाचे डोके अरुंद आहे की पसरट, हे नोंदवण्यासाठी आज बालरोगतज्ज्ञ हा आकडा वापरतात. परंतु त्याचा जन्म रुग्णालयात झालेला नाही. स्वीडिश शरीररचनाशास्त्रज्ञ अँडर्स रेट्झियस यांनी १८४० च्या दशकात तो मांडला, तो मानवसमूहांची दीर्घशीर्ष (लांबट डोक्याचे) व लघुशीर्ष (आखूड, रुंद डोक्याचे) अशी विभागणी करण्यासाठी, आणि पुढे वंशश्रेष्ठतेच्या कल्पनांनी त्याचा जो गैरवापर केला, त्याचा डाग या मापावरून अजून पुसला गेलेला नाही.

आकार का बिघडतो, या प्रश्नाचे उत्तर मात्र या आकड्यात नव्हते. ते १८५१ मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी दिले. कवटीची हाडे शिवणींनी, म्हणजे तंतुमय सांध्यांनी, जोडलेली असतात व मेंदू वाढतो तशी ती शिवणींपाशी वाढतात. एखादी शिवण अकाली सांधली गेली, तर तिला काटकोनात होणारी वाढ थांबते आणि तिच्या समांतर दिशेने भरपाईची वाढ होते, असा नियम फिर्खो यांनी मांडला. त्यामुळे टाळूपासून मागे जाणारी मधली शिवण लवकर मिटलेल्या बाळाचे डोके नावेसारखे लांब व अरुंद होते. नुसत्या मोजमापाला कारणाची जोड मिळाली ती येथे, आणि या कुळकथेतील सर्वांत मोलाचा टप्पा हाच मानला पाहिजे.

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन प्रसूतितज्ज्ञ गुस्ताव वाल्खर यांनी दाखवले की, बाळाला पाठीवर निजवले तर डोके रुंद व कुशीवर निजवले तर लांबट होत जाते. १९११ च्या सुमारास मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी अमेरिकेत स्थलांतरितांच्या मुलांची डोकी मोजून, डोक्याचा आकार परिस्थितीनुसार बदलतो हे मांडले. वंशाचे अढळ लक्षण म्हणून या आकड्याला असलेली प्रतिष्ठा त्यामुळे ढासळू लागली. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये वंशवादी मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली लिहिलेला प्रबंधही मानवी कवटीच्या स्वाभाविक असममितीवर, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंतील फरकावर, होता आणि तिचा वंशाशी संबंध जोडणारा निष्कर्ष त्यांनी काढला नाही, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

१९९२ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने अर्भकांचे झोपेतील आकस्मिक मृत्यू टाळण्यासाठी त्यांना पोटावर न निजवण्याचा सल्ला दिला. तो अत्यंत योग्य होता व त्याने असंख्य जीव वाचवले. परंतु त्यानंतर मागून चपटी झालेली डोकी अधिक दिसू लागली आणि मापनाचा प्रश्न दवाखान्यात आला. एका बाजूचा चपटेपणा शीर्षनिर्देशांकात नीट उतरत नाही, म्हणून कॅलिपरने डोक्याची दोन तिरकी मापे घेऊन त्यांतील फरक मिलिमीटरमध्ये नोंदवण्याची रीत रूढ झाली. २००४ मध्ये अमेरिकी शल्यविशारद लुई अर्जेंटा यांनी, केवळ पाहून ठरवता येतील असे, अशा चपटेपणाचे पाच प्रकार सांगितले: पहिल्यात फक्त मागची बाजू चपटी असते, दुसऱ्यात त्या बाजूचा कानही पुढे सरकतो, तिसऱ्यात कपाळ पुढे येते, नंतरच्या प्रकारांत चेहरा व कवटीची उंचीही बदलते.

निदानाचा खरा कस लागतो तो बाळाच्या डोक्याकडे वरून पाहताना. निजण्याच्या दाबाने चपटे झालेले डोके समांतरभुज चौकोनासारखे दिसते, कारण चपट्या बाजूचे कान व कपाळ दोन्ही पुढे ढकललेले असतात. मागची शिवण एका बाजूस सांधली गेली असेल, तर आकार समलंब चौकोनाकडे झुकतो आणि त्या बाजूच्या कानामागे हाडाचा उंचवटा जाणवतो. पहिल्या स्थितीत बाळाची कूस बदलत राहणे व जागेपणी, देखरेखीखाली, त्याला पोटावर ठेवणे बहुधा पुरते; दुसरीत बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते.