‘मि’वर विसावणारा स्वरक्रम

ज्युबिलीच्या दिवशीं ‘ते देउम’ हें आभारगीत प्राचीन लाटिन चालीवर कानीं पडतें, तेव्हां पुष्कळांस त्यांत कांहींसा अपरिचित रंग भासतो. त्याचें कारण स्वरक्रमांत आहे. ग्रेगरी गायनाच्या आठ क्रमांपैकीं तिसरा व चौथा हे ‘मि’ स्वरावर विसावतात. तिसऱ्यास फ्रिजियन म्हणतात. हें नांव मध्ययुगीन पंडितांनीं ग्रीकांपासून घेतलें. परंतु प्राचीन ग्रीकांचा फ्रिजियन निराळा होता. नांव राहिलें, स्वर पालटले.

‘मि’ला षड्ज मानल्यास वरचा ‘फा’ अर्ध्या स्वरावरच, म्हणजे कोमल ऋषभ, येतो. गांधार, धैवत व निषादही कोमलच. पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांच्या दहा थाटांतील भैरवी तो हाच, हें सुज्ञ वाचकांनीं ओळखलेंच असेल. मात्र भैरवी गाणारा बाराही स्वरांस स्पर्श करूं शकतो. ग्रेगरी गायनांत ती मोकळीक नाहीं, आणि तंबोऱ्याचा अखंड षड्जही नाहीं.

१५४७ सालीं ग्लारेआनस ह्यानें ‘दोदेकाकोर्दोन’ ग्रंथांत आठांचे बारा क्रम मांडले. पुढें सतराव्या शतकांत मेजर व मायनर ह्या दोहोंचेंच राज्य झालें. फ्रिजियनच्या पंचमावर उभारलेल्या स्वरमेळास शुद्ध पंचम लाभत नाहीं, म्हणून नव्या पद्धतीचा समारोप त्यास साधेना व तो मागें पडला. एकोणिसाव्या शतकांत सोलेम मठाच्या बेनेदिक्तिन संन्याशांनीं जुनीं हस्तलिखितें तपासून मूळ चाली शोधल्या. १९०३ मध्यें पोप दहावे पायस ह्यांनीं ह्या गायनास पुनः मानाचें स्थान दिलें. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेंही १९६३ मध्यें तें राखलें.

आमच्या गायकवृंदांनीं पेटीच्या पांढऱ्या तीनवर षड्ज धरून केवळ पांढऱ्या पट्ट्यांवर आरोह-अवरोह करावा. ‘फा’ चढवूं नये. शेवटीं ‘फा’वरून ‘मि’वर सावकाश उतरावें. पेटीवाल्यानें मायनरचे सूर भरले कीं चालीचा जीव जातो.

कोमल स्वर म्हणजे शोक, असा समज रूढ आहे. परंतु १२६४ सालीं सर्व ख्रिस्तसभेसाठीं ठरविलेल्या ख्रिस्तशरीराच्या सणाचें ‘पांगे लिंग्वा’ हें स्तुतिगीत तिसऱ्याच क्रमांत आहे, आणि ‘ते देउम’ही ‘मि’वरच संपतें. आमच्या पूर्वजांनीं आपला हर्षही ह्याच स्वरांत गायिला. तो आपल्या कंठीं विसरला जाऊं नये.