विठाबाईंच्या नावाचा पुरस्कार आणि आपले कलावंत

विहाराच्या स्मरणिकेत तमाशाच्या पुरस्काराचा इतिहास कशाला, असा प्रश्न काही धम्मबांधवांना पडेल. तो रास्त आहे. पण ज्या ढोलकीवर आणि तुणतुण्यावर आपल्या बापजाद्यांची बोटं झिजली, त्या कलेचा मान सरकारदरबारी कधी झाला, कुणाच्या नावाने झाला, हे आपल्या पोराबाळांना ठाऊक असायला हवं. म्हणून आम्ही हा लेखनप्रपंच करीत आहोत.

महाराष्ट्र शासनाच्या सांस्कृतिक कार्य विभागाने 2006 पासून तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. ज्याने उभा जन्म तमाशात घालवला अशा कलावंताला त्या त्या वर्षाचा हा मान मिळतो. मानपत्र, मानचिन्ह आणि रोख रक्कम असे त्याचे स्वरूप. ही रक्कम अनेक वर्षे 5 लाख रुपये होती. पहिला मान कांताबाई सातारकर यांना मिळाला. पुढे वसंत अवसरीकर, साधू पाटसुते, प्रभा शिवणेकर, राधाबाई खोडे नाशिककर, मधुकर नेराळे, गुलाबबाई संगमनेरकर अशी नावे त्या यादीत आली. विठाबाईंची लेक मंगला बनसोडे यांनाही आईच्याच नावाचा हा पुरस्कार मिळाला.

निमोण्याच्या माणसाला या यादीचे अप्रूप वाटायला आणखी एक कारण आहे. आपल्याच शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईच्या दोघांना हा मान मिळाला आहे. एक गंगाराम कवठेकर आणि दुसरे लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर. मोमीन यांना 2018 चा पुरस्कार मिळाला. त्यांनी कितीतरी फडांना वग आणि गाणी लिहून दिली. 2021 मध्ये ते गेले. मुसलमान शाहिराने लिहावं, मांग-महारांच्या फडाने गावं आणि साऱ्या गावाने जत्रेत बसून ऐकावं, अशी ही आपल्या भागातली रीत.

पुरस्कार ज्यांच्या नावाचा, त्या विठाबाईही आपल्याच जिल्ह्यातल्या नारायणगावच्या. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची पंचमंडळी तिथे येऊन जत्रेसाठी सुपारी देतात. विठाबाईंचा जन्म 1935 सालचा, पंढरपूरचा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने गाजला. जात लपवायची नाही, ती फडाच्या नावातच लिहायची, हे त्या काळी काय थोडं झालं? दिवस भरलेले असताना विठाबाई बोर्डावर नाचल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकिकत महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. पण म्हातारपण हलाखीत गेले. 15 जानेवारी 2002 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार त्यानंतर चार वर्षांनी आला.

आता अवघड प्रश्नाकडे येऊ. आपल्या चळवळीने तमाशाकडे पाठ फिरवली, हेही खरे आहे. 1927 च्या सुमारास पठ्ठे बापूराव तमाशाच्या कमाईतून बाबासाहेबांच्या कार्याला देणगी द्यायला गेले आणि बाबासाहेबांनी ती नाकारली, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. आमच्या बायाबापड्यांना नाचवून मिळवलेला पैसा नको, असा त्या नकाराचा अर्थ. बापूरावांच्या फडात नाचणारी पवळा ही महार समाजातली होती, हे ध्यानात घेतलं की त्या नकाराची धार कळते.

मग बाबासाहेबांना गाणं नको होतं का? मुळीच नाही. सत्यशोधकांनी तमाशाचाच साचा घेऊन जलसा उभा केला होता. पुढे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. ढोलकी तीच, सवाल-जवाब तेच, पण आशय बदलला. बाईला नाचवणं बंद झालं. गौळणीची थट्टा गेली आणि तिच्या जागी पाणवठा, देवळाचा दरवाजा, शाळा, सावकार हे विषय आले. दिवसभर राबलेल्या आणि अक्षरओळख नसलेल्या माणसाला सभेतलं भाषण जड जाई, पण जलशातलं गाणं घरी जाईपर्यंत तोंडात बसे. पुढे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (1922-2004) यांनी हा वारसा आयुष्यभर गावोगाव फिरवला. आपल्याच तालुक्याच्या वेशीवरच्या भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेबांनी भेट दिली. आज तिथे 1 जानेवारीला जमणाऱ्या गायनपार्ट्या त्याच जलशाच्या वारसदार आहेत.

म्हणून आमचे म्हणणे असे की, बाबासाहेबांचा नकार कलेला नव्हता. कलावंताच्या लाचारीला होता. जातीने नेमून दिलेलं नाचणं आणि आपल्या मर्जीनं गाणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. या नजरेनं पाहिलं तर विठाबाईंच्या नावाच्या पुरस्काराचा आपल्याला अभिमानही वाटावा आणि एक सवालही पडावा. वर्षाकाठी एकाचा सत्कार होतो. बाकीच्यांचं काय? ढोलकीवाला, झीलकरी, हलगीवाला, जयंतीला रात्र रात्र गाणारा वस्तीतला गायक, यांच्या म्हातारपणाला कोण?

राज्य शासनाची वृद्ध कलावंतांसाठी दरमहा मानधनाची योजना आहे. पण अर्ज करताना कलेचा पुरावा मागतात आणि इथंच आपली माणसं अडतात. चाळीस वर्षं गायलेल्या माणसाजवळ एक कागद नसतो. गाण्यांच्या वह्या पावसात भिजलेल्या, हँडबिलं रद्दीत गेलेली, फोटोत नाव नाही.

तेव्हा बंधू-भगिनींनो, घरातल्या जुन्या पेट्या उघडा. आजोबांची गाण्याची वही, जयंतीच्या कार्यक्रमाची पत्रिका, भजनी मंडळाचा फोटो, जुनी कॅसेट, जे असेल ते बाहेर काढा. फोटोच्या मागे नाव, गाव, साल लिहा. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून लिहून घ्या. ज्यांना अर्ज करायचा असेल त्यांना शिकल्या-सवरल्या पोरांनी हाताशी धरून तहसील आणि पंचायत समितीपर्यंत न्यावं. पुरस्काराच्या यादीत आपल्या वस्तीतलं नाव येईल न येईल, पण इथं कोण गात होतं हे पुढच्या पिढीला नावानिशी सांगता आलं पाहिजे, आणि त्या गाणाऱ्याला म्हातारपणी हक्काचं मानधन मिळालं पाहिजे. एवढं काम आपण या वर्षी हाती घेऊ.

जयभीम!