शाकारणीचे दिवस

आमच्या आजीला नळीच्या कौलांचं फार कौतुक. राजापूरकडच्या आमच्या घरावर मंगलोरी कौलं चढली, तरी ती गुण गायची नळ्यांचेच. माझं मत उलट आहे. नळ्या दिसायला देखण्या, पण दरवर्षी जीव काढायच्या.

कुंभार चाकावर निमुळती नळी घडवायचा, ती उभी चिरून तिची दोन कौलं करायचा आणि भट्टीत भाजायचा. छपरावर एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी. ना खाच, ना खिळा. वानरं नाचली की सगळं सरकलं. म्हणून वैशाखात घर शाकारायलाच लागे. कौलं उतरवायची, पाचोळा झाडायचा, वासे-रिपा वाळवीसाठी ठोकून बघायच्या, फुटकी कौलं बदलून पुन्हा रचायची. छपरावर शेवाळ धरायचं, पण त्याचा मुक्काम जेमतेम वर्षाचा.

1865 साली बासेल मिशनच्या प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याने मंगळुरात, नेत्रावतीकाठच्या मातीवर, कौलांचा कारखाना काढला. साच्यात दाबलेलं सपाट कौल. कडेला खाचा, त्या शेजारच्या कौलात अडकतात; मागे नाक, ते रिपेवर बसतं. पहिल्या महायुद्धानंतर हे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, पण त्यांच्या कौलांवरही 1865 हा आकडा उमटत राहिला. गावोगावी लोक तो दाखवून ‘आमचं घर तेव्हाचं’ म्हणून सांगतात. बोलू द्यावं. साल कारखान्याचं आहे.

हे कौल सहसा सरकत नाही, आणि घात झाला तो इथेच. दरसालची शाकारणी वर्षाआड झाली, मग गळेल तेव्हा. वर चढणारी माणसं मुंबईला गेली. फणसाखालच्या उतारावर पाचोळा कुजून माती झाली. दोन उतार मिळतात तिथली पन्हळ तुंबली, पाणी उलटं कौलांखाली शिरलं आणि गळती लागायच्या कितीतरी आधी वासा आतून कुजला.

आमच्याकडे येणारा गडी अनवाणी चढायचा. कमरेचा दोर आढ्याला. पाय कौलाच्या मध्यावर कधी नाही. खाली वासा असेल तिथेच, तोही दोन कौलं जिथे एकमेकांवर चढतात त्या जागी. शेवाळ सुकं असताना नारळाच्या सोडणाने वरून खाली घासायचा. खालून वर घासलं तर कचरा सांध्यात जातो. घासलेलं प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवायचा. खणखणीत वाजलं तर जागेवर, बद्द वाजलं तर खाली. वळिवाचे चार थेंब पडले की मात्र तो शिडीला हात लावत नसे, मग घरमालक कितीही बोंबलो.

आता लोक पाण्याचा जोरदार पंप आणतात. तासाभरात छप्पर लालचुटूक होतं, पण त्या माऱ्याने कौलाचा वरचा थर खरवडतो, पाणी सांध्यातून माळ्यावर जातं, आणि खरबरीत कौलावर शेवाळ पुन्हा लवकर धरतं. ज्यांच्या गोठ्यावर जुना सिमेंटचा पत्रा आहे त्यांनी तर तो घासूच नये. त्यात ॲस्बेस्टॉस असतो.

तेव्हा यंदा मृगाची वाट बघू नका. एप्रिलमध्येच, ऊन असताना, जाणता माणूस बोलवा, त्याला दोर द्या आणि आधी पन्हळी मोकळ्या करून घ्या.