सायकल-दुरुस्तीचा धंदा आणि त्यातील सचोटी

यंत्रांचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा यंत्रे शोधून काढणाऱ्यांचा. ती बिघडल्यावर उलगडून, पुसून, पुन्हा जोडून देणाऱ्या मनुष्याचे नाव त्यात क्वचितच आढळते. वास्तविक पाहता यंत्र शोधले जाते एकदा आणि बिघडते हजार वेळा. आणि सामान्य गृहस्थाचा संबंध येतो तो या दुसऱ्या मनुष्याशीच. सायकलीच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. तिचा आद्य शोधक कोण, याविषयी पाश्चात्त्य ग्रंथकारांत अद्याप एकमत नाही. परंतु आपल्या आळीत सायकल कोण दुरुस्त करतो, आणि त्याचा हात व त्याची जीभ कितपत खरी आहे, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते.

कारागिराच्या खरेपणाचा प्रश्न सायकलीहून अर्थातच फार जुना आहे. आपल्या गावगाड्यात त्याची दोन निरनिराळी उत्तरे होती. लोहार आणि सुतार हे बलुतेदार. त्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावात. फाळाला नीट पाणी दिले नाही, तर सुगीच्या दिवसांत बलुते मागण्यास त्याच कुणब्याच्या खळ्यावर जावे लागे. आणि तेथे जे ऐकावे लागे ते चारचौघांत ऐकावे लागे. फिरस्त्या कारागिराची गोष्ट वेगळी. कल्हईवाला, पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारी, चाकू-कात्रीला धार लावून देणारा, ही माणसे आज या गावी तर उद्या कोठे, कोणी सांगावे! म्हणूनच त्यांचे काम अंगणात, घरच्या बाईच्या डोळ्यांदेखत होई. कल्हई झालेले पातेले उजेडाकडे धरून आतून पाहिले जाई, आणि मगच पैसे हातावर पडत. एकाच्या सचोटीला वस्तीचा जामीन, दुसऱ्याच्या सचोटीला डोळ्यांचा. सायकल दुरुस्त करणारा कारागीर हा असा विलक्षण मनुष्य आहे की, त्याला हे दोन्ही जामीन लाभले. ते त्याला कसे लाभले, हेच येथे सांगावयाचे आहे.

सायकलीचा जन्म ज्या कारखान्यांत झाला तेही मुळात दुसऱ्याच यंत्रांचे होते. इंग्लंडातील कॉव्हेंट्री शहरात शिवणयंत्रे करणाऱ्या एका कंपनीने १८६९ मध्ये दुचाकी घडविण्यास आरंभ केला, आणि शिवणयंत्राच्या सुट्या भागांवर बसलेले हात सायकलीकडे वळले. पुढे १८८५ मध्ये त्याच शहरात जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ नावाची सायकल तयार केली. सारख्या आकाराची दोन चाके, मागच्या चाकाला साखळी, आणि मध्ये पायाने फिरवावयाचे दाते. सायकलीचा आजचा घाट मूळचा तोच. या घाटाचे एक वैशिष्ट्य वाचकांनी ध्यानात घ्यावे, ते असे की, सायकलीला पोटच नाही. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून घड्याळाच्या पोटात काय करतो, हे आपणांस दिसत नाही. तो सांगेल ते ऐकावयाचे. सायकलीची साखळी, तिच्या तारा, तिचा चिमटा, तिचे ब्रेक सारे उघड्यावर. कोणत्या भागाने कोणता भाग फिरतो हे कोणी न शिकविता कळते. लबाडीला लागतो तो अंधार या यंत्रात जवळजवळ नाहीच.

जवळजवळ म्हणण्याचे कारण म्हणजे टायर. बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेली रबरी नळी करून पाहिली आणि १८८८ मध्ये तिचे पेटंट घेतले. (हीच कल्पना रॉबर्ट टॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ मध्येच नोंदवून ठेवली होती, असे मागाहून उघडकीस आले आणि डनलॉपचा हक्क बुडाला, पण नाव मात्र त्याचेच राहिले.) हवेच्या टायरने रस्त्याचे हिसके गेले आणि त्यांच्या जागी पंक्चर आले. त्या वेळचे टायर लोखंडी कडीला चिकटवून टाकलेले असत. १८८९ मध्ये फ्रान्सातील क्लेरमाँ-फेराँ गावी रबराचा कारखाना चालविणाऱ्या मिशलँ बंधूंकडे एक सायकलस्वार असेच फुटके टायर घेऊन आला. ते सोडवून, सांधून पुन्हा चिकटविण्यास तीन तासांच्या वर लागले, आणि चिकट वाळण्यास एक रात्र. दुसऱ्या दिवशी एद्वार मिशलँ त्याच सायकलीवर बसून थोडा फिरून आला, तोच टायर पुन्हा बसले! दुसरा कोणी असता तर त्याने या नव्या खुळाला हात जोडले असते. मिशलँने मात्र दोष हवेला दिला नाही, चिकटविण्याला दिला. १८९१ मध्ये त्याने हातांनी काढता-घालता येणारे टायर सिद्ध केले, आणि त्याच वर्षी पॅरिसहून ब्रेस्तला जाऊन परत येण्याची सुमारे बाराशे किलोमीटरांची शर्यत शार्ल तेराँ याने त्याच टायरांवर, तीन दिवसांच्या आत, जिंकली. वाटेत पंक्चर झाले नाही असे नाही. झाले, आणि काढले गेले, हेच त्या विजयाचे मर्म होय.

या एका सुधारणेचे परिणाम फार लांबवर गेले. जे काम कारखान्याचे होते, ते झाडाखाली बसलेल्या मनुष्याचे झाले. दोन लोखंडी पट्ट्या, घासण्याचा कागद, रबराचा तुकडा, सोल्यूशनची नळी, हवेचा पंप आणि पाण्याचे घमेले एवढ्या भांडवलावर एका कुटुंबाचे पोट चालू लागले. त्यातले घमेले फार महत्त्वाचे. ट्यूब पाण्यात धरली की बुडबुडे येतात आणि छिद्र स्वतःच आपला पत्ता सांगते. गिऱ्हाईक शेजारी उभे असते. तेही बुडबुडे पाहते. एक पंक्चर की तीन, याविषयी वाद उरत नाही. ठिगळ लावून झाले की तीच ट्यूब पुन्हा त्याच पाण्यात जाते आणि काम नीट झाल्याची साक्ष पाणीच देते. वैद्याच्या किंवा वकिलाच्या धंद्यात असे घमेले असते तर समाजाचे किती हित झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

तथापि कारागिराची खरी परीक्षा घमेल्याच्या आधीच होऊन जाते. आपल्याकडील साध्या सायकलींच्या ट्यूबला जो व्हॉल्व्ह असतो, त्यावर रबराची एक बारीक नळी चढविलेली असते. उन्हाने, वयाने ती चिरते आणि चाकातील हवा हळूहळू जाते. अजाण मालकाला ते पंक्चरच वाटते. चांगला कारागीर टायरला हात लावण्यापूर्वी बोट ओले करून व्हॉल्व्हच्या तोंडावर ठेवतो. तेथे बुडबुडा आला, तर ती कवडीमोलाची नळी बदलून, हवा मारून, गिऱ्हाइकाला वाटेला लावतो. दुसरा एखादा न बोलता टायर उचकटतो. आणि उचकटताना पट्टीचे टोक ट्यूबला लागले, तर नसलेले पंक्चर असल्यासारखे होते व पाणीसुद्धा मग त्याच्याच बाजूने साक्ष देते. म्हणजे घमेले खोटे बोलत नसले तरी त्याला विचारावयाचा प्रश्न खोटा असू शकतो. चाकाच्या मध्यावर असलेल्या छर्‍यांचेही तसेच. ती एकच जागा खरोखर झाकलेली. जुने छर्रे तसेच ठेवून वरून वंगण भरले, तर दोन-चार आठवडे चाक गुमान फिरते. नामांकित कारागिराची रीत अशी की, काढलेले झिजके छर्रे तो फेकून देत नाही. एका डबीच्या झाकणात ठेवून मालकापुढे करतो. मालकाला त्यातले फारसे काही कळत नसले, तरी ते त्याच्यापुढे ठेवले गेले, यातच सर्व आले.

काम डोळ्यांदेखत व्हावे ही अपेक्षा किती टोकाला जाऊ शकते, याचे एक उदाहरण फ्रान्सच्या मोठ्या सायकल-शर्यतीच्या इतिहासात आहे. १९१३ साली पिरेनीज पर्वतातील तुर्माले घाट उतरताना युजेन क्रिस्तोफ या स्पर्धकाच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. मोडलेली सायकल खांद्यावर घेऊन तो दहा किलोमीटरांहून अधिक चालत पायथ्याच्या सेंत-मारी-द-कांपां गावी गेला आणि तेथील लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतः तो चिमटा सांधला. दुरुस्तीत परक्याची मदत घेऊ नये असा शर्यतीचा नियम होता, आणि पंच सारा वेळ शेजारी उभे होते. काही तास मोडून काम पुरे झाले. पण त्याचे दोन्ही हात लोखंडात गुंतले असता एका पोराने भाता ओढला होता. त्याबद्दल त्याला दहा मिनिटांचा दंड झाला! पुढे तो कमी केला गेला, एवढेच. नियमाचा असा अतिरेक मला हास्यास्पद वाटतो. भाता ओढणाऱ्या पोरावाचून जगात कोणती दुरुस्ती आजवर झाली आहे?

असे भाता ओढणारे, पाने हाती देणारे, तारा ताणून चाकाचा आउट काढण्यास शिकणारे हात पुढे कोठे पोहोचतात, हे पाहण्यासारखे आहे. किर्लोस्करांचा उद्योग आपला आरंभ १८८८ पासून मानतो, आणि तो आरंभ म्हणजे बेळगावातील सायकलींचे दुकान. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बेळगावास भावाच्या साहाय्याने त्यांनी सायकली विकण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि लोकांना त्या चालविण्यास शिकविण्याचाही धंदा मांडला. कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर हे सर्व पुढचे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी त्याहून पुढची. अमेरिकेत डेटन गावी राइट बंधूंनी १८९२ मध्ये सायकलींचे दुकान काढले, ते विक्री आणि दुरुस्ती या दोहोंसाठी. १९०१ मध्ये त्यांनी चार्ली टेलर नावाचा कारागीर नोकरीस ठेवला. हे दोघे भाऊ समुद्रकाठी उडण्याचे प्रयोग करीत असता गावी बसून लोकांच्या सायकली नीट करणारा तो हाच. आणि १९०३ च्या विमानाचे एंजिन सुमारे सहा आठवड्यांत घडविणाराही हाच. त्या विमानाचे पंखे साखळी-दात्यांनीच फिरत, हे सांगितल्यास वाचकांस नवल वाटू नये.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. विसाव्या शतकाच्या मध्यास हे सायकलींचे शहर म्हणून हिंदुस्थानभर प्रसिद्ध होते. कॉलेजात जाणारे विद्यार्थी, कचेरीतले कारकून, दूधवाले, कारखान्यातले कामगार, सारे पायडलवर. सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, आणि दिवा नसला की पोलीस उभाच असे. ज्याच्याजवळ स्वतःची सायकल नाही, त्याला ती तासाच्या भाड्याने मिळे. भाड्याचे हे दुकान म्हणजेच दुरुस्तीचे दुकान. येथे कारागिराला बलुतेदाराचा जामीन आपोआप लाभला. त्याचे गिऱ्हाईक रोज सकाळ-संध्याकाळ त्याच रस्त्याने, त्याच सायकलीवरून, त्याच्या दुकानापुढून जाणारे. काल घातलेले ब्रेकचे रबर आज घासू लागले, तर सायकलच कर्कश ओरडून ते चार दुकानांना सांगे. शिवाय कामगाराची सायकल अडली म्हणजे त्या दिवसाचा खाडा झाला. ‘उद्या या’ हा शब्द तेथे रोजीच्या पैशांत मोजला जाई, आणि म्हणूनच संध्याकाळी दिलेली सायकल पहाटेपूर्वी देण्याची अनेकांना सवय होती. या मनुष्याच्या हाताखाली चारदोन पोरे असत. ती कमी मोबदल्यात राबत, शिव्या खात आणि काम शिकत; या धंद्याची कृष्ण बाजू सांगावयाची तर ती हीच होय.

१९६० नंतर स्कूटरी आल्या, मग मोटारसायकली आल्या. सायकलीचा मान गेला आणि तिच्याबरोबर कोपऱ्यावरचे दुकानही गेले. राहिलेल्यांपैकी पुष्कळांनी स्कूटरीचे टायर हाती घेतले. इतके झाल्यावर हा धंदा इतिहासजमा झाला, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु अलीकडे तो निराळ्या रूपाने परत आला आहे. गियरच्या, महाग सायकली बाळगणारा एक वर्ग शहरांत निर्माण झाला. त्याच्या सोसायटीत दुकान नाही, आणि सायकल मोटारीत घालून कोठे नेण्यास त्याला सवड नाही. म्हणून कारागीरच पाठीवर हत्यारांची पिशवी टाकून दारी येऊ लागला आहे. इंग्लंडात व फ्रान्सात तर २०२० च्या साथीत लोक रेल्वे-बस टाळू लागले, तेव्हा सरकारनेच जुन्या सायकली दुरुस्त करून घेण्यास अनुदान दिले. इंग्लंडात पन्नास पौंड, फ्रान्सात पन्नास युरो. इंग्लंडात ते परवाने द्यावयास आरंभ होताच मागणीच्या गर्दीने ती व्यवस्था पहिल्याच दिवशी कोलमडली. पैसे सरकारचे म्हटल्यावर कोणत्या कारागिराने केलेले काम धरावयाचे हा प्रश्न आलाच, आणि त्यासाठी नोंदलेल्या दुरुस्त्यांची यादी करावी लागली. आळीच्या स्मरणात जी यादी होती ती दप्तरात गेली.

हा नवा मनुष्य खरा फिरस्ता आहे. त्याला वस्तीचा जामीन नाही. पण तो सोसायटीच्या वाहनतळावर, मालकासमोर सायकल उलटी करून बसतो, आणि कल्हईवाल्याचा जुना जामीन त्याला पुन्हा मिळतो. मुले भोवती जमतात. एखादे आजोबा खुर्ची टाकून बसतात आणि छर्रे दाखव म्हणतात. मात्र त्याला आता दाखवावयास छर्रे नाहीत. नव्या चाकांत ते बंद पेटीतून येतात व पेटीच बदलावी लागते. ब्रेकची तार जाऊन तेलाची नळी आली आहे. विजेच्या सायकलीचे मागचे चाक काढण्यापूर्वी मोटारीची वायर सोडवावी लागते, ती तो जपून सोडवितो, पंक्चर काढतो, पाण्यात धरून दाखवितो. बॅटरीकडे मात्र तो बोटही नेत नाही. तिचे कवच कारखान्यात कायमचे बंद केलेले असते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून अशा वाहनांची बॅटरी कंपनीबाहेरच्या कारागिरासही काढता व बदलता आली पाहिजे. आपल्याकडील आजोबांनी बोट दाखवून ‘यात काय असते रे?’ असे विचारले, की तो हात पुसत म्हणतो, ‘ते कंपनीला ठाऊक, आजोबा,’ आणि चाकात हवा भरू लागतो.