वीस डॉलरचं सोन्याचं नाणं

नाणं हातात आलं की आपण आकडा पाहतो. नक्षीकडे कोण बघतो? पण अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना आपल्या देशाची नाणी बेढब वाटत. प्राचीन ग्रीकांसारखी उठावदार नाणी आपल्याकडे का असू नयेत, असा त्यांचा सवाल. त्यांनी ऑगस्टस सेंट-गॉडन्स या नामवंत शिल्पकाराला गाठलं.

शिल्पकारानं वीस डॉलरच्या नाण्यावर स्वातंत्र्यदेवता घडवली. उजव्या हातात मशाल, डाव्या हातात ऑलिव्हची डहाळी, आणि ती थेट आपल्याकडे चालत येते आहे. मागल्या बाजूला उगवता सूर्य नि वर झेपावणारा गरुड. वजन पावणेतीन तोळ्यांहून थोडं जास्त, त्यात दहा भागांत नऊ भाग सोनं.

आता अडचण पाहा. चित्राचा उठाव एवढा, की यंत्राच्या एका दाबात ते उमटेना. नाणं तापवून मऊ करायचं, दाबायचं, पुन्हा तापवायचं. शिवाय पेढीवर नाण्यांची चळत लागली पाहिजे; अशी उंचसखल नाणी एकावर एक राहायची कशी? टांकसाळीचे मुख्य कोरीवकार चार्ल्स बार्बर यांनी विरोध केला, आणि तो अगदीच गैर होता असं मला वाटत नाही. ३ ऑगस्ट १९०७ रोजी शिल्पकार वारले. त्याच साली उंच उठावाची बारा हजारांच्या आसपास नाणी निघाली. पुढे उठाव कमी करूनच काम चालू झालं.

मग आलं १९३३ साल. मंदीनं बँका बुडत होत्या. नवे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी लोकांना सोन्याची नाणी जमा करायला लावली. त्या साली पाडलेली ४,४५,५०० नाणी बाहेर गेलीच नाहीत. संग्रहालयासाठी दोन ठेवून बाकीची १९३७ साली वितळवली. काही मात्र चोरवाटेनं निसटली. त्यातलं एक १९४४ मध्ये इजिप्तचे राजे फारूक यांच्याकडे गेलं, तेही सरकारी परवान्यानिशी! १९९६ मध्ये न्यूयॉर्कला ते पकडलं, आणि तडजोडीनंतर २००२ मध्ये लिलावात ७५.९ लाख डॉलरना विकलं. गंमत अशी, की घेणाऱ्याकडून वर आणखी २० डॉलर घेतले. कारण सरकारनं ते कधी चलनात दिलंच नव्हतं. ते वीस डॉलर भरल्यावर कायद्यानं ते नाणं झालं. २०२१ मध्ये त्यालाच १.८९ कोटी डॉलर आले.

याच सालाची आणखी दहा नाणी एका घराण्यानं २००४ मध्ये तपासणीसाठी टांकसाळीकडे दिली. ती सरकारनं ठेवून घेतली, आणि न्यायालयानंही ती सरकारचीच ठरवली.