थाळीवर कोरलेला हिशोब

आज एका जुन्या हिशोबवहीबद्दल बोलू या. वही दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि मातीची.

आजच्या फ्रान्समध्ये तेव्हा गॉल लोक राहत. त्यांची भाषा केल्टिक कुळातली. रोमन सेनापती ज्युलियस सीझर लिहितो, की त्यांचे धर्मगुरू विद्या लिहू देत नसत, सगळं तोंडपाठ. हिशोबाला मात्र अक्षरं चालत. म्हणून त्यांची बरीचशी विद्या गेली, पण काही हिशोब उरले.

दक्षिण फ्रान्समध्ये ला ग्रोफझँक इथे पहिल्या शतकात कुंभारांची मोठी वस्ती होती. लाल, चकचकीत भांडी घडवायचे. ती पार इटलीतल्या पोम्पेई शहरापर्यंत पोचली. भट्टी सामायिक. एकेका खेपेला हजारो नग रचले जात. गटाची वही सांभाळणारीला पुढचं सांगायला नको! माल एकत्र ठेवला, की उतरवताना कुणाचे किती यावरून वाद ठरलेला. म्हणून कच्च्या थाळीवर टोकदार वस्तूने यादी कोरायची: कुंभाराचं नाव, भांड्याचा प्रकार, नग. आल्बानोस, सुम्माकोस, फेलिक्स अशी नावं त्यात आहेत. राजे नव्हेत, चिखलात हात घालणारी माणसं.

अक्षरं रोमन, पण बोली बरीचशी घरची. भट्टीचा क्रमांक गॉल भाषेत: पाचवी 'पिंपेतोस', आठवी 'ओक्सतुमेतोस', दहावी 'देकामेतोस'. पंचम, अष्टम, दशम आठवले ना? ते उगीच नाही. ती भाषा आणि संस्कृत एकाच मोठ्या भाषाकुळातल्या. त्या नात्याने आपली मराठीही.

यादीत नावं बहुतेक पुरुषांचीच. माती कुणी मळली, पाणी कुणी आणलं, ते त्यात नाही. मला ते खटकतं.

पण त्याआधीचं एक भांडं उत्तर इटलीत ओर्नावास्सो इथल्या थडग्यात सापडलं. त्यावर तिथल्या केल्टिक भाषेत एवढंच कोरलंय: 'लातुमारुइ साप्सुताइपे विनोम नासोम'. अभ्यासक अर्थ लावतात: लातुमारोस आणि साप्सुता यांच्यासाठी नाक्सोस बेटाची वाइन. साप्सुता ही बाई. तिच्या नावाला चिकटलेला 'पे' म्हणजे 'आणि', संस्कृतातल्या 'च'चा भाऊबंद. त्या भांड्यातली वाइन दोघांची होती, आणि तिचं नाव तिथे स्वतंत्र लिहिलेलं आहे.